शेवटच्या सिलिंडरमागची चीर

४ नोव्हेंबर, सोमवार

दादा पितो.

दोनच शब्द, पण लिहायला मला अर्धा तास लागला. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून ही वही काढली. बिलांसाठी आणली होती, कोरीच पडून होती.

मागच्या मंगळवारी दादाने, आम्ही ज्यांचा माल वाहतो त्या काचवाल्यांच्या फाटकाच्या खांबावर ट्रक घातला. भर सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, सायकलच्या वेगाने. मागे बत्तीस आरसे होते, त्यातला एक वाचला. वॉचमनने बाजूला उडी मारली आणि पडून त्याचा घोटा मोडला. आणि दादा आपला स्टिअरिंग धरून बसलेला, डोळे उघडे. मालक धावत आले तर त्यांना विचारतो, "आपण कुठे आलोय?"

वर्षभर चाललंय हे. दुपारी परत यायचा तो डोकं धरून. चिडचिड. एकदा ऑफिसच्या दारात भडाभडा ओकला. एकच गोष्ट तीनदा विचारायचा. लोक माझ्याकडे बघून गप्प व्हायचे, त्याचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही.

आज वहिनींसमोरच विचारलं. "दादा, खरं सांग. पितोस ना तू?"

तो माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ की मला वाटलं, प्रश्नच ऐकू गेला नाही. मग म्हणाला, "हो."

वहिनींची सुरी भाजीवर थांबली.

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

त्याने कडीतून ट्रकची किल्ली सोडवली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. वाद नाही, शपथा नाही. छप्पन्न वर्षांचा माझा भाऊ, शाळेत परीक्षेची कोरी उत्तरपत्रिका देतात तशी किल्ली देऊन आत निघून गेला.

खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. निदान कारण कळलं. त्याची लाज आत्ता वाटतेय.

६ नोव्हेंबर, बुधवार

वहिनी ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड, टेबल, फोन आणि वर माझी खोली. बराच वेळ काचेवरची धूळ बोटाने पुसत बसल्या.

"अगं, मला वास कसा येत नाही?" म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं शेजारी झोपतेय. काल काय खाल्लं ते मला वासावरून कळतं त्यांच्या."

"मुरलेले असतात वहिनी, ते बरोबर लपवतात."

"बाटली तरी सापडायला हवी."

"शोधा. सापडेल."

मी असं ठामपणे बोलले जणू मला या विषयातलं फार कळतं. जाताना म्हणाल्या, "तुमच्या घरात कुणीच हात लावला नाही गं कधी. तुझ्या बाबांनीसुद्धा नाही."

बाबांनी नाही लावला. पण शेवटची तीन वर्षं बाबांना घर, माणसं, स्वतःचं नाव, काहीच ओळखू येत नव्हतं. न पिताच. दादा रोज त्यांना आंघोळ घालायचा आणि ते रोज त्याला विचारायचे, आपण कोण? मी तेव्हा लांब नोकरीला होते, मला ते सगळं फोनवरच ऐकायला मिळालं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज ट्रक मी काढला. जड वाहनाचा परवाना आहे माझ्याकडे, पूर्वी पाच-सहा वर्षं चालवलाही आहे, पण मधे फार खंड पडला. आमच्या ट्रकला पुढे नाक नाही. इंजिन केबिनमध्येच, दोन सीटच्या मधे, लोखंडी झाकणाखाली. मांडीशी ऊब देणारं जनावर घेऊन बसल्यासारखं वाटतं. पेट्रोलचं जुनं इंजिन, तीन वर्षांपूर्वी गॅसवर केलं. तेव्हापासून काळा धूर नाही, वास नाही. आम्ही भारी खूश होतो.

काचांचा माल पोचवून परत येताना ऊन डोळ्यावर आलं म्हणून वरची झापड खाली ओढली, तर त्यामागून घडी केलेला कागद मांडीवर पडला. दादाचं अक्षर.

"पुलावरून डावीकडे. पाण्याची टाकी. टाकीमागे तिसरं घर, निळं दार."

हा त्याच्या स्वतःच्या घराचा पत्ता आहे.

गाडी कडेला घेऊन थांबले. म्हणजे इतकी प्यायचा की स्वतःच्या घराची वाट लिहून ठेवावी लागायची? आणि अशा अवस्थेत हा माणूस शाळेसमोरून रोज जात होता! कागद फाडणार होते, पण फाडला नाही. पुढे त्याने नाकारलंच तर दाखवता येईल.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ट्रक चढावर दम टाकतो. निम्मा माल असला तरी दुसऱ्या गिअरमध्ये रडतो, आणि जोर लावला की झाकणाखालून टिकटिक टिकटिक. फिटरकाकांना दाखवला. वय सत्तरीच्या पुढे, वर्कशॉपमधून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण सकाळी सात वाजता हात काळे झाले नाहीत तर त्यांना करमत नाही. बोल्टशी बोलतात, माणसांशी कमी.

"मॅनिफोल्ड गेलाय," म्हणाले. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेलं बिडाचं जाड भांडं. चारही सिलिंडरांतला धूर त्यात गोळा होतो आणि तिथून मागे सायलेन्सरकडे जातो. "जोडातलं गॅस्केट फुंकतंय जरासं. मागच्या थंडीतच ऐकलं होतं मी, दादांना म्हटलं, चालतंय तोवर चालू दे. आता नवा कुठला मिळायला! कंपनीनेच बनवणं बंद केलंय."

"मग?"

"हेडर बसवू. चार सिलिंडर, चार वेगळ्या नळ्या, पुढे जाऊन एक. प्रत्येकाचा धूर आपापल्या वाटेने जातो, भांडाभांडी नाही. गाडी मोकळा श्वास घेईल. माझ्या ओळखीचा एकजण नळ्या वाकवून बनवतो."

मोकळा श्वास घेईल म्हणे. म्हटलं, बनवा. या घरात कुणीतरी तरी घ्यावा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

डोकं ठणकतंय. कपाळापासून मानेपर्यंत पट्टा आवळल्यासारखं. रोज दुपारी होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, नाहीतर काळजी. घरी येऊन तासभर पडलं की उतरतं.

वहिनींचा फोन आला होता. दादा बराच सुधारलाय म्हणे. हसतो. बागेतला नळ दुरुस्त केला, शेजारणीच्या मुलीला गणितं सोडवून दिली. आवाजात रडू होतं वहिनींच्या, पण आनंदाचं. "बघा, सोडली ना!" मी म्हटलं. "दोन आठवड्यांत माणूस कसा बदलतो."

एक गोष्ट मात्र खरी, उन्हाळ्यातही तो बराच बरा होता. तेव्हाही कमी केली असणार.

२० नोव्हेंबर, बुधवार

लिहायलाच हवं.

सकाळपासून थंडी होती, काचा पूर्ण वर होत्या. मोठ्या चौकात सिग्नलला थांबले. पुढे एक बाई मुलाला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती. मला ती दिसत होती. पण ती दिसतेय याचं पुढे काय करायचं असतं, ते मला आठवत नव्हतं. सांगता येत नाहीये. पाय ब्रेकवरून उचलला गेला. ट्रक पुढे सरकला. ती ओरडली, तिने बंपरवर थाप मारली, त्या आवाजाने माझा पाय खाली गेला.

हातभर अंतर होतं. हातभरच.

मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला शांत वाटत होतं. भीती नाही, काही नाही. नंतर कडेला उतरून ओकले तेव्हा कुठे घाम फुटला.

पन्नाशीला एक वर्ष उरलंय. रक्तदाब असेल. की बाबांचं जे होतं तेच आता माझ्याकडे आलं? हे कुणालाही सांगायचं नाही. दादाला तर नाहीच. ज्याची किल्ली मी काढून घेतली त्याला कुठल्या तोंडाने सांगू की मीही बाईला उडवणार होते? कुणी विचारलंच तर झोप झाली नव्हती म्हणेन.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी काढली नाही. कारण सांगितलं, हेडर बसवायचाय. दिवसभर डोकं अजिबात दुखलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठला सुरुवात केली. फिटरकाका, मी, आणि ऑफिसशेजारची मोकळी शेड. केबिनमधलं झाकण काढलं. वर मीच शिवलेली गोधडी होती, दादाची मांडी भाजू नये म्हणून. मॅनिफोल्डचे नट गंजून एकजीव झालेले. काल त्यांवर तेल सोडून ठेवलं होतं. काका एकेकाला ज्योतीने लाल करत आणि "ये बाबा, ये, आता हट्ट पुरे" म्हणत पाना फिरवत. सहा आले. दोन तुटले, काकांनी दोन शिव्या दिल्या, मग भोक पाडून तेही काढले. अकराच्या सुमारास मी खालून आधार दिला आणि काकांनी तो लोखंडी गोळा उचलून बाहेर काढला.

खाली मात्र ठेवला नाही.

मॅनिफोल्ड उजेडाकडे धरला, उलटा केला, चष्मा पुसला, परत बघितलं. शेवटच्या सिलिंडरच्या मागे, इंजिनात बसलेला असताना कुणाला दिसणारच नाही अशा जागी चीर होती. माझ्या करंगळीएवढी लांब. आत पोस्टकार्ड गेलं असतं. चिरेच्या तोंडापासून राखाडी पांढरट पट्टा निघून झाकणाच्या कडेपर्यंत गेलेला. झाकणाचं रबर वाळून तडकलेलं. काका केबिनमध्ये वाकले. झाकणाच्या आतल्या बाजूवर, ड्रायव्हरच्या सीटच्या अगदी बगलेला, तोच पांढरा पट्टा.

वळून म्हणाले, "ताई, गाडी चालवताना तुमचं डोकं दुखतं का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मळमळ? काही सुचेनासं होतं?"

"काका, कोणी सांगितलं तुम्हाला?"

ते ट्रकच्या पायरीवर बसले. "गॅसचा धूर," म्हणाले. "दिसत नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी बधिर होतो. आमच्या वर्कशॉपमध्ये एकजण बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून डबा खायला बसला होता. घास हातातच राहिला त्याच्या." मग फार हळू, "मागच्या थंडीत ऐकली होती मी टिकटिक. म्हटलं, चालतंय."

मी केबिनच्या दाराशी उभी होते. दाराच्या फटीत काळी रबरी पट्टी. खिडक्यांनाही. मागच्या डिसेंबरात मी स्वतः चिकटवली होती, दादाला वारा लागतो म्हणून. चांगली घट्ट, हवा जायला जागा नाही अशी.

मागचा डिसेंबर. उन्हाळ्यात काचा खाली. घरी बसल्यापासून बरा.

पुढे लिहिता येत नाही.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ

मग तो "हो" का म्हणाला?

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ते कार्बन मोनॉक्साइडचं विष रक्तात एखादा दिवसच राहतं, आता तपासून काही सापडणार नाही, म्हणूनच सुट्टीच्या दिवशी तुम्हाला बरं वाटत होतं. भावाला घेऊन या, वर्षभर घेतलंय त्यांनी. बहुतेक जण पूर्ण बरे होतात. बहुतेक.

मॅनिफोल्ड गोणीत घालून दादाकडे गेले. सोळा किलोचं धूड. दार वहिनींनी उघडलं, त्यांना वाटलं बटाटे आणलेत.

जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला. सगळं सांगितलं. चौकातली बाईसुद्धा, झोपेचं ठरवून ठेवलेलं कारणसुद्धा. सांगता सांगता माझं वाक्य चुकत होतं, मागे जाऊन परत सुरू करत होते. दादाने मॅनिफोल्ड उलटा केला, चिरेत अंगठ्याचं नख घातलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. परत फिरवलं.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे."

"बाबांसारखं नाही?"

"नाही दादा."

त्याने खुर्ची मागे सारली आणि खाली फरशीवरच बसला. भिंतीला पाठ लावून. रडला नाही. तोंड उघडं, जसं पाण्यातून वर आलेला माणूस श्वास घेतो.

"मग तू हो का म्हणालास?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "एक थेंब प्यायला नव्हतास ना? मग हो का?"

"तू विचारलंस म्हणून."

"हे काय उत्तर झालं!"

"छोटे, मला घराचा रस्ता आठवत नव्हता. लिहून ठेवायला लागलो होतो. बाबांचं असंच सुरू झालं होतं, मला पहिल्यापासून माहीत होतं ते. मी रोज सकाळी आरशात बघून स्वतःचं नाव म्हणायचो. आणि तू विचारलंस, पितोस का. मला वाटलं, हे किती बरं आहे. पिणाऱ्याला लोक शिव्या देतात, पण तो सोडू शकतो. बाबांना कुठे सोडता आलं?"

मग वहिनींनी टेबलावर असा हात आपटला की सोळा किलोचा मॅनिफोल्ड हलला.

"तीन आठवडे!" त्या म्हणाल्या. "तीन आठवडे मी बाटल्या शोधतेय. धान्याच्या डब्यात शोधल्या. गच्चीवरच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून बघितला. प्यायचं सोंग करणारा नवरा मलाच मिळायचा होता का? वेडे झाला असतात तर सांभाळलं नसतं मी?"

"म्हणूनच नाही सांगितलं," दादा म्हणाला. "बाबांना मी सांभाळलंय. काय असतं ते मला माहीत आहे."

वहिनी त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि त्याच्या दंडावर बुक्की मारली. एक नाही, चार-पाच. मग तिथेच डोकं टेकलं.

मी निघाले तेव्हा दादा दारापर्यंत आला. म्हणाला, "मी हो म्हटलं ना, तेव्हा तुझ्या तोंडावर काय दिसलं सांगू? सुटका. मला वाटलं, बरं झालं, निदान हिची तरी सुटका झाली."

रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

तो कागद माझ्या पर्समध्येच आहे. कशासाठी जपला होता ते आठवलं आणि पुलावर थांबून राहिले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी दादाला तासभर तपासलं. आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं दाखवून परत विचारलं, सरळ रेषेत चालवलं. एक-दोन गोष्टींत अडखळला. हे राहील कदाचित, सहा महिन्यांनी परत बघू, म्हणाले. गाडी मात्र दोन महिने नाही.

बाहेर आल्यावर त्याने वॉचमनकडे जायचं ठरवलं. पायाला प्लास्टर, खाटेवर बसलेला. मी धूर, चीर, गॅस असं सगळं समजावून सांगायला लागले, तर दादाने मला थांबवलं. "काही होतंय हे मला कळत होतं," तो त्याला म्हणाला. "तरी मी गाडीवर बसलो. ते माझं आहे."

वॉचमनने प्लास्टरचा पाय सरकवून दादाला खाटेवर जागा केली. "मी सगळ्यांना सांगितलं तुम्ही प्यायला होतात म्हणून," तो म्हणाला.

"मीही तेच सांगितलं."

यावर तो हसला. दादाही हसला. मला नाही हसता आलं. वीस तारखेला मलाही कळलं होतं काहीतरी होतंय, आणि मी झोपेचं कारण शोधून ठेवलं होतं.

१ डिसेंबर, रविवार

आज हेडर बसला.

दादा सकाळीच आला, जुने कपडे घालून. गाडी चालवायला बंदी आहे, पाना फिरवायला नाही, म्हणाला. फिटरकाका त्याच्याकडे बघेनात. त्याने जाऊन त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि विचारलं, "हा कुठून आत घालायचा?" काकांनी घसा साफ केला आणि काम सुरू झालं.

चार नळ्यांचा तो पसारा स्टिअरिंगच्या दांड्याला चुकवून खाली उतरवायचा म्हणजे कसरत. तीनदा अडकला. दादा खाली आडवा, काका वरून, मी केबिनमध्ये गुडघ्यांवर. इंजिनाची बाजू घासून चकचकीत केली होती, त्यावर नवं गॅस्केट. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही कडांकडे आवळत गेलो, थोडे थोडे, एकदम नाही. काकांनी प्रत्येकावरून दोनदा पाना फिरवला, मग तिसऱ्यांदा. "आता मी 'चालतंय' हा शब्द म्हणत नाही," ते कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाले. झाकणाला नवं रबर लावलं. रबरी पट्ट्या मी आधीच ओरबाडून काढल्या होत्या, नखं अजून काळी आहेत.

सगळी दारं उघडी ठेवून इंजिन सुरू केलं. नव्या नळ्यांवरचं तेल जळून निळा धूर उठला तशी मी ओरडलेच. काका म्हणाले, हा दिसतोय ना, मग भिऊ नका. तो विरल्यावर त्यांनी सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबून धरलं आणि दादाने ब्रशने प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. शेवटच्या सिलिंडरपाशी आम्ही तिघंही वाकून बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही. इंजिन तापवून, गार करून, बोल्ट पुन्हा आवळून परत बघितलं. नाही. आवाज जाडसर झालाय, पण टिकटिक गेली.

दुपारी मी ट्रक काढला, रिकामाच. दादा शेजारी बसला. दोन्ही काचा खाली, वारा असा की बोलणं ऐकू येत नव्हतं. चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढला. वर पोचल्यावर मी कडेला थांबवून इंजिन बंद केलं. खाली सगळं गाव उन्हात पसरलेलं होतं.

दिवसभर जुळवलेलं वाक्य तोंडातून आलंच नाही. नुसतं म्हटलं, "दादा, मी विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं."

"माहीत आहे."

"तू नाही म्हणाला असतास तरी मी विश्वास ठेवला नसता."

"तेही माहीत आहे." तो समोर बघत होता. "म्हणून तर हो म्हणालो. सोपं होतं."

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "एक करशील? पुढे कधी मला असं काही झालं, किंवा मी विचित्र वागायला लागलो, तर विचार मला. आणि मी हो म्हणालो तर लगेच उठून जाऊ नकोस. थोडं बस. परत एकदा विचार."

"आणि मला झालं तर?"

"तर मी विचारेन. तू झोप झाली नाही म्हणशील. मी बसून राहीन."

मी किल्ली फिरवली. उतारावर त्याने हात बाहेर काढून आरसा माझ्या नजरेला येईल असा वळवून दिला, आणि आम्ही खाली आलो.